चोखोबा भिंतीखाली का होते?

आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी लोटतात. महाद्वारात नामदेव पायरी, तिच्यासमोर चोखामेळ्याची समाधी. आख्यायिका अशी, १३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस कोसळून चोखोबा गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती वेचून नामदेवांनी इथे आणली. कीर्तनात हा चमत्कार रंगतो. पण चोखोबा त्या भिंतीखाली कशाला गेले होते? गावाची वेठ महारांच्याच माथी होती म्हणून ना! हे कोणी बुवा सांगत नाही. हाडे दारापर्यंत आली, त्यांची माणसे मात्र सहाशे वर्षे दाराबाहेरच. मे १९४७ मध्ये साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला.