आधी उपवास, मग कुस्वार

डिसेंबर उजाडला की बेंगळुरूच्या फ्रेझर टाउन, कुक टाउन, लिंगराजपुरम या भागांतल्या स्वयंपाकघरांत जेवणाचे काटे वेगळ्याच कामाला लागतात. नारळाच्या दुधात घट्ट मळलेल्या मैद्याची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्याने पुढे ढकलत गुंडाळायची. अंगभर रेघा उमटलेला चिमुकला शंख तयार होतो. अँग्लो-इंडियन घरात त्याचे नाव कलकल, मंगळुरी कॅथलिक घरात किडियो. तळून साखरेच्या पाकात घोळवले की त्याच्यावर पांढरी साय चढते. येता-जाता एकेक तोंडात टाकताना किती झाले, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

शेजारच्या परातीत नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच. शिवाय चकल्या, तिळाचे लाडू, कुरकुरीत रोझ कुकी. नाताळच्या या फराळाला मंगळुरी मंडळी कुस्वार म्हणतात, गोव्यात तोच कोंसवाद. त्याचे मूळ पोर्तुगीज ‘कोंसोआदा’ या शब्दात सांगतात, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ गमतीचा आहे: उपवासाच्या दिवशी रात्री घ्यायचे हलके खाणे. पुढे तो नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला लागला आणि आपल्या किनाऱ्यावर उतरून थेट कढईत पडला.

म्हणजे फराळाच्या नावातच उपवास आहे, फक्त तो आता कोणाला आठवत नाही. चर्चच्या पंचांगात नाताळपूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे वाट पाहण्याचे. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार 24 डिसेंबर हा उपवासाचा आणि मांस वर्ज्य करण्याचा दिवस होता. हे नियम 1966 मध्ये सैल झाले. कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचे नाही, हा दंडक 1953 पर्यंत होता. आज कम्युनियनपूर्वी तासभर काही न खाणे पुरते. बेंगळुरूत स्थायिक झालेल्या केरळी सीरियन ख्रिस्ती कुटुंबांपैकी अनेक जण मात्र अजूनही 1 डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा ‘नोयम्ब’ पाळतात आणि मांस-मासे सोडतात. त्यांच्या ताटात 25 तारखेला मटण येते तेव्हा ते खरोखरच सणाचे असते.

बाकी शहराचा क्रम उलटा झाला आहे. हॉटेलांत सुका मेवा रममध्ये भिजवण्याचे सोहळे दिवाळीच्या आसपासच सुरू होतात. मॉस्क रोडवरची 1902 पासूनची अल्बर्ट बेकरी असो की फ्रेझर टाउनमधलेच थॉम्स, नाताळ जवळ आला की दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. ऑफिसातल्या पार्ट्या, शाळेतले कार्यक्रम, कॅरल गाणाऱ्यांचे स्वागत, प्रत्येक ठिकाणी केकचा तुकडा हातात येतो. सण उंबरठ्यावर येतो तेव्हा पोट महिनाभराच्या पार्ट्यांनी थकलेले असते.

याचे मोजमापही झाले आहे. 2000 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 195 अमेरिकी प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्य नोव्हेंबर ते जानेवारी या सणासुदीत त्यांचे वजन सरासरी 0.37 किलो वाढले. आकडा किरकोळ वाटतो. पण ही वाढ पुढच्या महिन्यांत उतरली नाही. दरवर्षी थोडी भर पडत जाते आणि चाळिशीत पँटचे माप बदलते. भारतात तर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने मधुमेहींची संख्या 10.1 कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची 13.6 कोटी असल्याचा अंदाज दिला आहे.

ख्रिस्ती परंपरा अन्नाला दोष देत नाही. माणसाला विटाळ बाहेरून आत जाणाऱ्या पदार्थाने होत नाही, असे येशू सांगतो, आणि तो लग्नाच्या पंगतीतही बसतो. पौल शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो, आणि देवळाची निगा राखावीच लागते. सहाव्या शतकातल्या ग्रेगरी पोपने खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, फार उंची खाणे, फार खाणे, अधाशासारखे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. नोव्हेंबरातला केक पहिल्याच प्रकारात सापडतो.

चर्चनेच उभारलेल्या कोरमंगलातल्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात (स्थापना 1963) आहाराचा अभ्यास दीर्घकाळ चालू आहे. डॉ. अनुरा कुरपाड आणि सहकाऱ्यांनी भारतीय पुरुषांची लायसिन या अमिनो आम्लाची गरज मोजली. ती शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 30 मिलिग्रॅम निघाली. 1985 चा आंतरराष्ट्रीय अंदाज 12 मिलिग्रॅमचा होता. गहू-तांदळात लायसिन कमी, डाळी-कडधान्यांत भरपूर. मैदा, साखर आणि तुपाने पोट भरले की नेमके हेच मागे राहते.

यावरचा उपाय बाजारात ऐन नाताळातच येतो. डिसेंबर-जानेवारी हा बेंगळुरूत अवरेकाईचा, म्हणजे वाल-पावट्याच्या कुळातल्या ओल्या दाण्यांचा हंगाम. या दाण्यांची उसळ, सांबार, उप्पिट्टू घराघरांत होते. सणाच्या जेवणाआधी वाटीभर उसळ पोटात गेली की केकचा दुसरा तुकडा आपोआप लहान होतो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवायला सांगते. त्यामुळे कुस्वार डब्यातून न खाता बशीत मोजून घ्यावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मेजवानीसाठी आधीचे जेवण चुकवू नये, साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. उपवासही डॉक्टरांना विचारूनच करावा. आजाऱ्यांना चर्चनेच त्यातून सूट दिली आहे.

आणि कुस्वार मुळात एकट्या घराने संपवायचा नसतोच. क्रोशाच्या रुमालाने झाकलेली ताटे शेजारी जातात. दिवाळीत ज्या घरातून चिवडा-लाडू आले, त्या घरी हमखास. उरलेल्याची घाई नाही. नाताळचा सण परंपरेने बारा दिवसांचा, 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालणारा. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात किडियो तोवर सहज टिकतात.