पदपथ बांधा, पण टिकवा!
सुरक्षित पदपथ हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली बजावले. महाराष्ट्रातील लहान नगरपरिषदांनी हा निर्णय शिरोधार्य मानावा. परंतु सरकारी अनुदान आले, फरशी बसली, नारळ फुटला, की कर्तव्य संपले, ही समजूत घातक आहे. पाण्याच्या निचऱ्याविना घातलेली फरशी पावसाळ्यात उखडणारच. म्हणून आराखड्यापूर्वी शाळकरी मुलांचे पालक व वृद्ध यांना विचारावे. २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिलेल्या फेरीवाल्यांचीही जागा आखावी. देखभालीची रक्कम नगरपरिषदेने दरसालच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र राखावी. अनुदानाने पदपथ बांधता येतो. तो टिकतो नगराच्या स्वतःच्या पैशाने. तेवढी ऐपत नसेल, तर फर्लांगभरच बांधावा. पण त्यावरून म्हातारे माणूस निर्धास्त चालले पाहिजे.