बेण्यासारखीच अंडी निवडा : घरच्या घरी पिले काढताना



ऊस विकास विभागाने कोंबडीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण लागणीच्या पाहणीला आम्ही वस्तीवर गेलो की घरातील मायभगिनी हमखास विचारतात, "साहेब, बारा अंडी ठेवली अन् पिलं पाचच निघाली. असं का?" प्रश्न रास्त आहे. उसाचे बिल हप्त्याने येते. मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या मात्र पुष्कळ घरांत अंड्या-कोंबड्यांवर भागतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ७० अंडी देते. ती खुडूक बसली की २१ दिवस आणि पुढे पिले हिंडवीपर्यंत अंडी बंद. म्हणजे खेप फसली तर अंडीही गेली आणि दिवसही गेले.

उसाची उगवण विरळ झाली तर नांग्या भरता येतात. कोंबडीखाली तसे चालत नाही. मागाहून ठेवलेली अंडी मागेच राहतात आणि पहिली पिले निघाली की कोंबडी त्यांना घेऊन उठते. म्हणून खरी काळजी बसवण्याआधी घ्यायची.

अंडी कोणती घ्यावीत?

दुकानातील पोल्ट्रीच्या अंड्यांतून पिले निघत नाहीत, कारण तेथे कोंबड्यांत नर नसतो. घरी दहा कोंबड्यांमागे एक तरणा, निरोगी कोंबडा असावा. बेणे निवडताना आपण डोळा पाहतो, तसे अंडे हातात घेऊन पाहावे. फार लहान, फार मोठे, वेडेवाकडे, पातळ कवचाचे किंवा तडा गेलेले अंडे खाण्यास ठेवावे. अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरील संरक्षक थर जातो आणि रोगजंतू आत शिरतात.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांचीच घ्यावीत. साठवण थंड जागी करावी. ओल्या वाळूत माठ बसवून त्यात कोरड्या भुश्यावर अंडी ठेवावीत, रुंद टोक वर करून. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. मग कोंबडी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

कोंबडी बसवताना

एका गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. पाटीत माती, तीवर राख आणि वर कोरडे, मऊ पाचट घालावे. ओल्या पाचटाला बुरशी येते, ते नको. बसवण्यापूर्वी कोंबडीच्या पंखाखाली उवा-पिसवा आहेत का ते पाहावे. त्यांचा त्रास झाला की ती वारंवार उठते. पाटी अंधाऱ्या, निवांत कोपऱ्यात ठेवावी. दाणा-पाणी जवळ असावे. रोज पंधरा-वीस मिनिटे ती उठते, त्यात बिघडत नाही.

मशीनमध्ये ३७.५ अंश उष्णता सांभाळून १८ दिवसांपर्यंत अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवावी लागतात. कोंबडी हे सारे आपण होऊन करते. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या वस्तीवर तिच्यासारखे मशीन नाही.

सातव्या दिवशी पारख

रात्री खोक्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून आत बॅटरी लावावी आणि भोकावर अंडे धरावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे जिवंत आहे. स्वच्छ दिसले तर वांझ. लाल कडे दिसले तर गर्भ मेला. अशी अंडी काढून टाकावीत. ती सडून फुटली की बाकीचीही नासतात. अठराव्या दिवसानंतर मात्र अंड्यांना हात लावू नये. चोच मारल्यापासून पिलू बाहेर यायला बारा तास, कधी त्याहून अधिक लागतात. दया येऊन कवच सोलाल तर रक्त येऊन पिलू दगावते.

पिलाच्या पोटात बलकाचा अंश असतो, त्यावर पहिला दिवस निघतो. नंतर बारीक कणी, मक्याचा भरडा आणि उथळ ताटलीत खडे टाकून पाणी द्यावे.

एकाच दिवशी बसवा

आता आमची मुख्य सूचना. शेजारच्या चार घरांनी खुडूक कोंबड्या एकाच दिवशी बसवाव्यात. सातव्या दिवशी वांझ अंडी काढल्यावर दोघींची उरलेली अंडी एकीखाली घालता येतात आणि दुसरीखाली नवी बसवता येतात. दुसरा फायदा मोठा आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी पिलांना राणीखेत म्हणजे मानमोडीची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब द्यावी लागते. कुपीत पुष्कळ मात्रा असतात आणि लस कालवली की ती लगेच संपवावी लागते. आठ पिलांसाठी कोणी कुपी फोडत नाही, आणि मग सारा कळप एका साथीत जातो. चार घरांची पिले एका वयाची असली तर जनावरांच्या दवाखान्यातून एकच कुपी आणून सर्वांचे भागते.

लागणीचा कार्यक्रम आपण तारखेवार पाळतो. तशीच एक तारीख वस्तीवरील भगिनींनी ठरवावी. थंडीचे दिवस यास उत्तम.

— ऊस विकास अधिकारी