कड्यातला सेंट

जाहिरातीचा कागद हाती पडला की आपण काय करतो? फार तर त्याची पुडी बांधतो, नाही तर तो थेट केराच्या टोपलीत जातो. पण हीच जाहिरात खऱ्या पैशाभोवती बसवून दिली तर? पैसा कोण फेकून देणार! ही नामी युक्ती अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी अमलात आणली आणि तिच्यातून जे चिमुकले बिल्ले निघाले, त्यांचा मला नाद लागला आहे.

बिल्ला दिसायला अगदी साधा. मध्ये एक सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा हिस्सा, आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमचे कडे. कड्याच्या एका बाजूला दुकानाचे नाव व गाव, दुसऱ्या बाजूला शुभेच्छा. 'मला जवळ ठेव, कधी कंगाल होणार नाहीस' ही त्यांतली सर्वांत लाडकी. खिशात एक सेंट कायमचा राहिला, तर माणूस पुरता कफल्लक होईलच कसा, असा हा मिस्कील हिशेब! सोबत घोड्याचा नाल किंवा चार पानांचे क्लोव्हर असे. त्या काळच्या काही शुभशकुनी बिल्ल्यांवर तर चक्क आपले स्वस्तिक आढळते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडेही ते सुदैवाचेच चिन्ह होते. हिटलरने त्याला बट्टा लावला तो पुढे. लक्ष्मीपूजनाचे नाणे कधीही न मोडणाऱ्या आपल्या आजीला हा प्रकार सहज पटला असता!

या बिल्ल्यांचे एक पूर्वज आहेत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लोकांनी नाणी दडवली आणि बाजारात मोडीची चणचण झाली. तेव्हा 1862 साली जॉन गॉल्ट नावाच्या गृहस्थाने टपालाचे तिकीट पितळी चकतीत बसवून त्यावर अभ्रकाचे पारदर्शक पान लावण्याचे पेटंट घेतले. चकतीची पाठ जाहिरातीसाठी मोकळीच होती! पुढे 1886 मध्ये हॉल आणि एरू यांनी, एकमेकांना नकळत, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत शोधली आणि ही महागडी धातू स्वस्त झाली. 1901 मध्ये बफेलो शहरातल्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात कड्यातले सेंट लोकांच्या हाती आले. अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेच हे प्रदर्शन.

करण्याची पद्धत मोठी गमतीची. भोक असलेल्या चकतीत सेंट ठेवायचा आणि दोन ठशांमध्ये ती दाबायची. मऊ ॲल्युमिनियम पसरून नाण्याची कड घट्ट धरते आणि त्याच दाबाने अक्षरेही उमटतात.

आता किमतीचे गणित. नवशिक्या आधी नाण्यावरचे साल पाहतो. मुरलेला संग्राहक आधी कडे वाचतो. कारण आतला सेंट बहुधा टाकसाळीने कोट्यवधींनी पाडलेला असतो. लहानशा गावातला व्यापारी, एखादा वेगळाच धंदा, जुने प्रदर्शन, नालाचा किंवा घंटेचा आकार, यांनी भाव चढतो. कडे ओरखड्यावाचून असावे आणि सेंटची मूळ झळाळी टिकलेली असावी. नाण्याच्या सालाचा उपयोग वेगळा: जाहिरात साधारण कधीची, हे ते सांगते.

नेमकी इथेच लबाडी शिरते. 1909 सालचा, 'एस' खूण आणि 'व्हीडीबी' अक्षरे असलेला लिंकन सेंट अवघा 4,84,000 पाडला गेला. असे दुर्मिळ नाणे दिसले की माणूस भुलतो. मागे एका विक्रेत्याने मला 1909 चा सेंट दाखवला. कड्यावर मात्र दुकानाच्या सुवर्णमहोत्सवाचे साल होते 1935! भिंगातून पाहिले, तर कड्याच्या आतल्या काठावर हत्याराचे ताजे चरे. मूळ सेंट काढून दुसरा बसवला होता. मी बिल्ला नमस्कार करून परत केला.

याहून वाईट वाटते ते कुतूहलाने सेंट उचकटून काढणाऱ्यांचे. कडे वाकडे होते, नाण्याच्या कडेवर वळ राहतो आणि दोहोंची किंमत जाते. या जोडीचे मोल जोडीतच आहे.

माझ्याजवळ एका कोळसेवाल्याचा बिल्ला आहे. दगडी कोळशाच्या शेगडीने घर उबवण्याचे दिवस तिकडे सरले. त्या माणसाची पाटी माझ्यापुरती या कड्यावरच उरली आहे. आता सेंटची पाळी आली. 2024 च्या हिशेबी वर्षात एक सेंट पाडायला 3.69 सेंट खर्च आला आणि 12 नोव्हेंबर 2025 रोजी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीचा अखेरचा सेंट पडला.

तेव्हा अमेरिकेहून आलेल्या कुणा नातलगाच्या सामानात असे कडे सापडले, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका आणि आतले नाणे हलवू नका. आधी कड्यावरचे गाव वाचा. खरी मिळकत तिथे लिहिलेली असते.