उन्हाळ्यातलं शिकाऊ विमान

सेस्ना १७२ या प्रशिक्षणातल्या लोकप्रिय विमानाचं लायकमिंग इंजिन पाण्यावर नाही, हवेवर थंड होतं. पंख्यामागच्या तोंडांतून हवा आत शिरते, सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून खाली उतरते आणि बाहेर पडते. त्यामुळे वेग कमी आणि ताकद जास्त, ही स्थिती सर्वांत वाईट. उड्डाणानंतरची चढण नेमकी तशीच असते आणि शिकाऊ विमानाच्या वाट्याला ती पुन्हापुन्हा येते: उतरायचं, लगेच उडायचं, पुन्हा उतरायचं.

त्यात गोंदियासारख्या ठिकाणचा मे महिना. पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते. विमान सावकाश चढतं आणि इंजिनाला जास्त वेळ पूर्ण ताकदीवर राहावं लागतं. सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा सुमारे २६० अंश सेल्सिअस असली, तरी इंजिन दीर्घकाळ टिकवायचं तर २२४च्या आत राहणं बरं.

तापमान वाढू लागलं तर नाक थोडं खाली करून वेग वाढवावा, इंधनाचं मिश्रण दाट ठेवावं. जादा इंधन ज्वलनाची उष्णता आटोक्यात ठेवतं. जमिनीवर थांबताना विमानाचं तोंड वाऱ्याकडे असावं.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे सिलिंडरभोवतीच्या रबरी पट्ट्या. हवा सिलिंडरवरच्या पात्यांमधूनच जावी म्हणून त्या असतात. त्या फाटल्या किंवा दुमडल्या की हवा फटीतून निसटते आणि एखादाच सिलिंडर तापतो. तापमापक त्याच सिलिंडरवर नसेल, तर वैमानिकाला पत्ताही लागत नाही.