अंग धरलंय, पण दम लागतोय

लग्नानंतर वर्षभराने माहेरी आलेल्या मुलीचं वजन वाढलेलं दिसलं की मुरबाड तालुक्यातली आई सुखावते. 'अंग धरलंय हो पोरीनं,' असं शेजारीण म्हणते तेव्हा त्यात कौतुक असतं. कोणी चार-पाच किलो कमी करून आलं, तर 'बरं नाही का?' हा पहिला प्रश्न आणि 'घरी काही कुरबूर?' हा दुसरा. वजन कमी करण्यासाठी प्रेरणा कुठून आणायची, असे लेख मीही वाचते. त्यात आरशासमोर उभं राहायला सांगतात, जुने कपडे अंगात बसवायला सांगतात. आमच्या गावांत हे चालत नाही, कारण बारीक होणं हे इथे कोणाचं स्वप्नच नाही. मी या तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून अनेक वर्षं काम करते आहे. लोक हलायला लागतात कशाने आणि थांबतात कशाने, हे मी उपकेंद्राच्या ओट्यावरून रोज बघते.

आमच्या कामात कमरेच्या टेपला वजनकाट्यापेक्षा जास्त मान आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरून आणतात, त्याला आम्ही सीबॅक म्हणतो. वय, तंबाखू, दारू, घरात कोणाला साखर किंवा बीपी आहे का, आठवड्याला निदान 150 मिनिटं शारीरिक हालचाल होते का, आणि कमरेचा घेर. बाईचा घेर 80 सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, 90 पर्यंत एक, त्यापुढे दोन. पुरुषांसाठी हेच आकडे 90 आणि 100. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची.

घेर घेताना माणूस किती लपवतो ते कळतं. पुरुषाला विचारलं तर तो पँटचा नंबर सांगतो, 'चौतीस, सिस्टर, कॉलेजपासून तेवढाच.' खरंही असतं, कारण पट्टा हळूहळू पोटाखाली उतरलेला असतो आणि पोट त्याच्यावरून पुढे आलेलं असतं. म्हणून टेप पट्ट्यावर धरायची नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडायला लावायचा आणि मग आकडा वाचायचा. बायकांच्या बाबतीत परकराची नाडी सगळं सांगते. गाठ मारल्यावर दोन वीत लोंबणारी टोकं चार वर्षांत बोटभर उरतात. नाडीचा काळपट वळ कातडीत रुतलेला असतो, तरी ती बाई म्हणते, 'सिस्टर, मी कुठं जाड आहे? हातपाय बघा माझे.'

हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची खास गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकलेली. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. युडकिन यांचा एक फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन एकसारखं, पण याज्ञिकांच्या अंगात 21 टक्के चरबी आणि युडकिन यांच्या 9 टक्के. बाळाला काट्यावर ठेवताना मला तो फोटो नेहमी आठवतो. आपला माणूस वरून सडपातळ दिसला तरी आतून असेलच असं नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या जवळजवळ 40 टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर निघाला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याच तालुक्यात आणि शेजारच्या शहापुरात कातकरी-ठाकरांचे असे पाडे आहेत, जिथे मी हीच टेप ठेवून देते आणि लहान मुलांचं कुपोषण तपासायची दंडाची पट्टी काढते. तिथल्या बाईला उन्हाळ्यात पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. तिला चालायला सांगणं हा अपमान आहे. पुढचं सगळं तिच्यासाठी नाही.

ते आहे हायवेलगतच्या, एमआयडीसीलगतच्या आणि बाजारपेठेतल्या गावांसाठी. कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता रुंद झाला, जमिनी विकल्या गेल्या, फार्महाऊसं उठली. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत भातशेतीची कामं अंगमेहनतीची होती. आता चिखलणी पॉवर टिलर करतो, आवणीला मजूर येतात, मसाला डंखावर कुटून मिळतो, दुकान दोनशे पावलांवर असलं तरी गाडी निघते. जेवण मात्र आवणीच्या दिवसांतलंच राहिलं. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भाताचा डोंगर, रात्री पुन्हा भात, आणि अधेमधे दोन-दोन चमचे साखरेचे चार-पाच चहा. लंडनमध्ये 1953 साली डॉ. जेरी मॉरिस यांनी दाखवून दिलं होतं की दिवसभर बसून दुमजली बस हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा त्याच बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. मोठा फरक हालचालीचा. आमच्याकडे एका पिढीत कंडक्टरांचे ड्रायव्हर झाले.

मग माणसाला पुन्हा हलवायचं कसं? भीती घालून होत नाही, हे मी ठामपणे सांगते. 'पाय कापावा लागेल' असं ऐकल्यावर माणूस आठ दिवस चालतो आणि नंतर उपकेंद्रासमोरून जाताना मान वळवतो. घाबरलेला माणूस आधी आम्हालाच टाळतो.

तारीख मात्र माणसाला हलवते. पहाटे पाचला मुरबाडच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यांना कोणी उठवावं लागत नाही. कार्तिकीला आळंदीला पायी जायचं असेल तर साठीची काकी दिवाळीआधीच रोज संध्याकाळी मारुतीपर्यंत जाऊन येऊ लागते. दोन जानेवारीला सिद्धगडावर जाणारेही असेच. 1943 साली त्या तारखेला स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे धारातीर्थी पडले, आणि त्यांना वंदन करायला जायचं म्हणून महिनाभर आधी तयारी करणारे लोक मला माहीत आहेत. वजनाचं कोणी नावही काढत नाही, तरी पाय चालू होतात. पण तारीख उलटली की पायही थांबतात. भरतीचं वय निघून गेलेली ती चपळ पोरं पाच-सहा वर्षांनी माझ्याकडे येतात तेव्हा पट्टा पोटाखाली उतरलेला असतो.

टिकून राहायचं कसं, याचं उत्तर मला आमच्याच तालुक्यातल्या फांगणे गावात दिसलं. तिथली आजीबाईंची शाळा बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. 8 मार्च 2016 रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने ती सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी दोन ते चार शाळेत बसू लागल्या. शिकवणारी गावातलीच सून, आणि वर्गात तिची सासूही. ती शाळा अक्षरांची होती, व्यायामाची नव्हे. तरी प्रेरणेबद्दल तिथून जेवढं शिकता येतं तेवढं मला एकाही प्रशिक्षणात मिळालं नाही.

बघा, सत्तर वर्षांच्या बाईला अक्षर शिकून नोकरी मिळणार नव्हती. पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, एवढंच. कारण छोटं, पण तिचं स्वतःचं. वेळ दुपारची, म्हणजे घरची कामं आवरल्यावरची, तिच्या दिवसात बसणारी. सोबत मैत्रिणी, त्यामुळे एक आली नाही तर दुसरी हाक मारणार. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गुलाबी साडी. रस्त्याने जाणाऱ्या आजीला कोणी 'कुठं निघालीस रिकामटेकडी?' असं विचारू शकत नव्हतं. ती शाळेत निघाली आहे, हे तिची साडीच सांगत होती.

आमच्या बायका चालत नाहीत, त्याचं खरं कारण आळस नाही. 'काम नाही का हिला?' हा प्रश्न त्यांना घरात बसवतो. एका गावात आम्ही तो प्रश्नच काढून टाकला. बचत गटाची बैठक शेवटच्या घरी ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून, गावाला फेरा मारून तिथे जायचं. येताना पुन्हा फेरा. खांद्यावर गटाची पिशवी असल्यावर कोणी बोलत नाही. पहिले काही आठवडे गप्पाच जास्त झाल्या, चालणं रमतगमत. मग वेग वाढला. आता बैठक नसली तरी त्या संध्याकाळी निघतात. सरकारी शिफारस आठवड्याला 150 मिनिटांची, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. वेग असा हवा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. त्या बायकांनी हे माप लगेच उचललं.

सवय लागायला किती दिवस? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. सरासरी 66 दिवस निघाले, पण कोणाला 18 पुरले तर कोणाला 254 लागतील असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यांना दिसलं. हे मी सगळ्यांना सांगते, कारण आपल्याकडे एक खाडा पडला की 'मोडलं आता' म्हणून सोडून द्यायची रीत आहे.

काटा हलत नाही म्हणून निराश होणारे तर रोज भेटतात. त्यांना मी चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासाबद्दल सांगते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना त्यांनी चालायला आणि खाणं सुधारायला लावलं. 2006 मध्ये निष्कर्ष आले. वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. म्हणून काट्याकडे रोज बघू नका. जिना चढताना दम कमी लागतो का, झोप लागते का, नाडीचं टोक लांबलं का, हे बघा.

खाण्याबद्दल थोडंच सांगते. भात सोडा असं मी म्हणत नाही, भाताच्या देशात कोणी ऐकणारही नाही. भाताची एक वाढणी कमी करा आणि तिथे वालाची उसळ, डाळ, अंडं किंवा सुकट येऊ द्या. नाचणीची भाकरी पुन्हा तव्यावर येऊ द्या. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी फुकट उगवते, ती खा. चहा सोडवत नसेल तर साखर अर्धी करा. दिवसातून दोनदाच जेवायची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत इकडेही पुष्कळ लोक पाळतात. त्यातला रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा भाग बहुतेक जण विसरतात, तो विसरू नका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका, कारण साखर एकदम उतरू शकते आणि ते जिवावर बेतू शकतं. चालताना छातीत दुखलं, दडपण आलं, घाम फुटला, तर घरी जाऊन पडू नका, थेट दवाखाना गाठा.

तुम्ही तिशी ओलांडली असेल तर जवळच्या उपकेंद्रात या. बीपी, साखर आणि कमरेचा घेर तिथे फुकट बघतात. येताना जिच्यासोबत किंवा ज्याच्यासोबत रोज चालणार आहात, त्या शेजाऱ्याला घेऊन या. दोघांचा घेर एकाच कागदावर लिहून देऊ, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजू.