प्राधान्यक्रमाची भाषा : बंगळूरचे रस्ते, पूल आणि त्यांच्या याद्या

मुकुंदराव जयकर हे नाव मराठीच्या अभ्यासकाला पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ठाऊक असते. त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात अनेकांनी उमेदीची वर्षे घालविलेली असतात. १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष हेच जयकर होते, ही गोष्ट मात्र साहित्याच्या वर्तुळात क्वचितच उच्चारली जाते. १९२८ मध्ये सादर झालेल्या या समितीच्या अहवालाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, रस्त्यांचा विकास हा प्रांतिक सरकारे आणि स्थानिक संस्था यांच्या ऐपतीबाहेर गेला असून तो राष्ट्रीय प्रश्न मानला पाहिजे व त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून स्वतंत्र निधी उभारला पाहिजे. १९२९ मध्ये असा केंद्रीय निधी अस्तित्वात आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. निधी एका ठिकाणी जमा झाला की वाटणीचा प्रश्न येतो, आणि वाटणी करायची म्हटले की आधी कोण आणि मागाहून कोण हे ठरवावे लागते. भारतातील रस्त्यांच्या प्राधान्यक्रमाचा प्रश्न आधुनिक अर्थाने येथून सुरू होतो.

त्याचे पहिले सुसूत्र उत्तर १९४३ मध्ये नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने दिले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हामार्ग आणि ग्राममार्ग अशी रस्त्यांची उतरंड या योजनेने लावली आणि एखाद्या प्रदेशाला किती लांबीचे रस्ते हवेत हे काढण्यासाठी सूत्रे दिली. शेतीखालील क्षेत्र किती, पडीक किती, कोणत्या लोकसंख्येची गावे किती, ही त्या सूत्रांतली पदे होती. सूत्राच्या तपशिलांवर पुढे पुष्कळ टीका झाली; तरी गरज मोजण्याची रीत आधी लिहून ठेवायची आणि मग आकडे भरायचे, हा क्रम त्याने रूढ केला. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने तो आणखी स्पष्ट केला. बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्यांपैकी १,००० वा अधिक लोकवस्तीच्या आधी, ५०० च्या नंतर, डोंगराळ व तत्सम भागांत २५० च्याही. हा नियम न्याय्य आहे की नाही यावर वाद घालता येतो, कारण विरळ वस्तीच्या आदिवासी पाड्याला तो स्वभावतःच मागे ढकलतो. परंतु वाद घालता येतो तो नियम लिहिलेला आहे म्हणूनच.

शहरात असा नियम सापडत नाही. बंगळूर महानगरपालिकेकडे २००७ च्या विस्तारानंतर सुमारे १३ हजार किलोमीटर रस्ते आले. त्यांपैकी मुख्य व उपमुख्य रस्ते एकदशमांशाच्या आसपास; उरलेले सारे गल्लीबोळ, वसाहतींतले आडवे-उभे रस्ते, आणि जी ११० खेडी शहरात सामील करण्यात आली त्यांच्या मूळच्या वाटा. या वाटा कधी कोणी आखल्याच नव्हत्या. १५३७ मध्ये केंपेगौडाने वसविलेल्या पेटेचे दोन मुख्य रस्ते काटकोनात छेदतात. १८०९ नंतर वसलेल्या लष्करी छावणीचे रस्ते रुंद आणि वृक्षाच्छादित आहेत. १९४९ मध्ये या दोन नगरांची एक महापालिका झाली. म्हणजे एकाच शहरात निदान तीन वेगवेगळ्या कल्पनांचे रस्ते एकमेकांना येऊन मिळतात, आणि जेथे ते मिळतात तेथेच बहुधा वाहतूक तुंबते.

भाषेचेही तसेच आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात जयराम पिंड्ये याने अनेक भाषा एकत्र नांदविणारा ‘राधामाधवविलासचंपू’ रचला, वि. का. राजवाडे यांनी तो संपादून प्रसिद्ध केल्यापासून मराठी अभ्यासकांना हे शहर बहुभाषिक म्हणून परिचित आहे. आजच्या नियोजनाच्या कागदांतही ती बहुभाषिकता टिकून आहे, फक्त तिची वाटणी वेगळी झाली आहे. प्रकल्प अहवाल इंग्रजीत असतो, फलक आणि घोषणा कन्नडमध्ये. कन्नड ‘रस्ते’ आणि मराठी ‘रस्ता’ हे दोन्ही फारसीकडून आलेले. पुलाच्या बाबतीत मात्र वाटा फुटतात. मराठीने फारसी ‘पूल’ घेतला, कन्नडने संस्कृत ‘सेतू’पासून ‘सेतुवे’ केले. मराठीतला ‘उड्डाणपूल’ इंग्रजी शब्दाबरोबर उडतो. कन्नडमधला ‘मेल्सेतुवे’ म्हणजे नुसता वरचा पूल, आणि ‘केळसेतुवे’ म्हणजे खालचा. एका भाषेने वेगाचे आश्वासन नोंदविले, दुसरीने फक्त जागा सांगितली. बंगळूरच्या उड्डाणपुलांवर सायंकाळी उभ्या असलेल्या वाहनांच्या रांगा पाहता कन्नड शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

अभियंत्याच्या भाषेत वेगळाच शब्द केंद्रस्थानी आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या नानाविध वाहनांची बेरीज करायची तर समान एकक हवे. ते एकक म्हणून प्रवासी मोटारगाडी घेतली जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेनुसार दुचाकी म्हणजे अर्धी ते पाऊण मोटार, सायकल त्याहून थोडी कमी, बस वा ट्रक वाहतुकीतील प्रमाणानुसार २.२ ते ३.७ मोटारी. रस्त्याची जागा कोण किती व्यापतो एवढेच हे एकक मोजते, आणि त्या कामापुरते ते बरोबर आहे. अडचण पुढे होते. एखाद्या रस्त्यावर दर तासाला इतकी एकके जातात, रस्त्याची क्षमता तितकीच आहे, म्हणून तो ‘संपृक्त’ आहे, म्हणून तो रुंद करावा किंवा त्यावर पूल बांधावा, अशी जी अनुमानांची साखळी प्रस्तावांत आढळते, तिच्यात साठ माणसे नेणारी बस तीन मोटारींएवढा अडथळा म्हणून नोंदली जाते आणि पायी चालणारा मुळीच नोंदला जात नाही. पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. पण स्वतंत्र म्हणजेच मुख्य बेरजेच्या बाहेर. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या हालचालीचा विचार व्हावा असे स्पष्ट म्हटले. तरीही ज्या एककात मोजणी होते त्याच एककात निर्णय होतात, याचा प्रत्यय बंगळूरने दहाच वर्षांत घेतला.

बसवेश्वर चौक ते हेब्बाळ हा ६.७ किलोमीटरचा पोलादी उड्डाणपूल हे त्याचे ठळक उदाहरण होय. देवनहळ्ळीचा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाल्यापासून या मार्गावरील गर्दी वाढतच होती. सुमारे १,७९१ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला २०१६ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्यासाठी आठशेहून अधिक झाडे तोडावी लागणार होती. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी नागरिकांनी त्या मार्गावर मानवी साखळी उभारली. घोषणेचे पहिले दोन शब्द इंग्रजी होते आणि तिसरा कन्नड : ‘बेड’, म्हणजे नको. झाडांविषयीची हळहळ त्या आंदोलनात मोठी होती, परंतु त्याचा गाभा क्रमाविषयीचा होता. उपनगरी रेल्वे, बसगाड्या, चालण्याजोगे पदपथ हे सारे मागे ठेवून हाच प्रकल्प आधी का, हा प्रश्न विचारला जात होता. राज्यघटनेने सांगितलेल्या महानगर नियोजन समितीपुढे तो मांडला गेला नव्हता, हा आक्षेप न्यायालयातही घेण्यात आला. २ मार्च २०१७ रोजी शासनाने प्रकल्प सोडून दिला. प्रकल्प गेला; ‘आधी काय’ याचे लिखित उत्तर मात्र तेव्हाही तयार झाले नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला २०३१ पर्यंतचा सुधारित बृहत् आराखडाही शासनाने पुढे मागे घेतला.

नव्या बांधकामापेक्षा अवघड प्रश्न आहे तो असलेल्याच्या निगेचा. येथे सामान्य समजूत आणि शास्त्र यांच्यात सरळ विरोध आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहिला पाहिजे. डांबरी रस्ता एकाएकी मरत नाही. उन्हाने आणि हवेने डांबर कडक होते, केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून पाणी खालच्या खडीच्या थरात उतरते, भिजलेला थर चाकांच्या भाराखाली हलतो, आणि मग वरचा पापुद्रा उखडून खड्डा पडतो. पहिली काही वर्षे ही झीज डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. पुढे ती अकस्मात वेग घेते. भेगांच्या अवस्थेत पातळ नवा थर दिला तर जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट खर्च थर खचल्यावर मुळापासून रस्ता करण्यास येतो. तेव्हा सर्वांत वाईट रस्ता आधी दुरुस्त करावा, हे जे न्यायाचे वाटणारे तत्त्व आहे, ते पाळल्यास सगळा पैसा मेलेल्या रस्त्यांवर जातो आणि बरे रस्ते त्या काळात मरणपंथाला लागतात. शास्त्र सांगते की बऱ्या रस्त्याला आधी हात घालावा. पण ज्या रस्त्यावर खड्डाच नाही त्यावर पैसे का, असे विचारणाऱ्या नागरिकाला नगरसेवक कोणत्या शब्दांत उत्तर देणार? आणि ज्या वसाहतीच्या वाट्याला पहिल्यापासूनच मेलेला रस्ता आला, तिने शास्त्रासाठी किती पावसाळे थांबावे? हा पेच आकड्यांनी सुटत नाही. किती टक्के निधी निगेला आणि किती मागे राहिलेल्यांना, हे कोणीतरी उघडपणे ठरवावे लागते. बंगळूरमध्ये ते ठरविण्याची वेळ न्यायालयावर आल्यासारखी झाली. २०१५ पासून चाललेल्या जनहित याचिकेत कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सुस्थितीतील रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. ‘गुंडी’, म्हणजे कन्नडमधला खड्डा, अशा रीतीने घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदापर्यंत पोहोचला.

बंगळूरच्या रस्त्याचा शत्रू मुख्यतः पाणीच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या या पठारावरून पाणी वृषभावती, हेब्बाळ आणि कोरमंगल-चल्लघट्ट या खोऱ्यांत उतरते; एका तलावातून दुसऱ्यात ते नेणारे मोठे नाले ‘राजकालुवे’ म्हणून ओळखले जातात. तलाव बुजले, मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागी उभे राहिले, नाले अरुंद झाले, आणि पाण्याने रस्त्यांची वाट धरली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बाह्य वळणरस्ता जलमय झाला तेव्हा रस्ता आणि नाला यांच्या याद्या वेगवेगळ्या विभागांत असणे किती महागात पडते हे सर्वांना दिसले. २०११ मध्ये तयार झालेल्या ‘टेंडर शुअर’ या आराखडापद्धतीने नेमका हाच दोष हेरला होता. आधी पदपथ, त्याखाली पाणी, वीज, तारा आणि सांडपाणी यांच्या नियोजित वाहिन्या, आणि मग समान रुंदीचा गाडीरस्ता, असा क्रम तिने उलटा करून दाखविला. मध्यवर्ती भागातील काही रस्ते त्यानुसार झाले, आणि ग्रंथप्रेमींना पुस्तकांच्या दुकानांसाठी ठाऊक असलेला चर्च स्ट्रीटही २०१८ मध्ये चालणाऱ्यांच्या सोयीचा करण्यात आला. असे रस्ते महाग पडतात, आणि ते आधी संपन्न भागात झाले, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो आराखड्यावरचा नसून पुन्हा क्रमावरचाच आहे.

पुलाच्या बाबतीत चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पादचारी पूल कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधीच्या संरचना-परीक्षणात त्या पुलाला किरकोळ दुरुस्तीच्या रकान्यात ठेवले होते. यादीतला तो एक शब्द, ‘किरकोळ’, पुलाला रांगेत मागे ढकलण्यास पुरेसा ठरला. राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या व्यवस्थापन प्रणालीने शब्दांऐवजी ० ते ९ असे अंक आणले. अंकामुळे तुलना सोपी होते. परंतु अंक देणाऱ्याला पुलाच्या पोटात डोकावता आले नाही, तर तोही विशेषणच ठरतो. बंगळूरच्या तुमकूर रस्त्यावरील पीण्या उड्डाणपूल २०१० मध्ये सुरू झाला आणि २५ डिसेंबर २०२१ रोजी बंद करावा लागला, कारण काँक्रीटच्या आत ताणून बसविलेल्या पोलादी तारा गंजल्याचे आढळले. बाहेरून पूल धडधाकट दिसत होता. २०२२ च्या फेब्रुवारीत हलक्या वाहनांना तो खुला झाला, जड वाहनांना २०२४ मध्ये. दरम्यान पीण्या औद्योगिक वसाहतीचा सारा माल खालच्या रस्त्याने वाहत होता. याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला, २०१७ मध्ये काम सुरू झालेला ईजीपुरा उड्डाणपूल अर्धवट खांबांच्या रूपात उभा होता. त्याचे कंत्राट २०२२ मध्ये रद्द झाले आणि काम पुन्हा सुरू होण्यास २०२३ उजाडले. एक पूल निगेअभावी अडलेला, दुसरा बांधला जाण्याआधीच अडलेला. तिसरा प्रस्ताव मात्र याही काळात तयार होत होता, आणि तो हेब्बाळपासून सिल्क बोर्डपर्यंतच्या भुयारी रस्त्याचा.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते आणि पूल’ हा नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोगा चौथा विषय आहे. बंगळूरच्या नगरसेवकांची मुदत २०२० च्या सप्टेंबरमध्ये संपली, आणि २०२५ मध्ये जुनी महापालिका जाऊन तिच्या जागी पाच महापालिका व त्यांच्यावर बृहद्बंगळूर प्राधिकरण अशी रचना येईपर्यंत निवडणूक झालीच नाही. या पाच वर्षांत प्रभागांच्या याद्या होतच राहिल्या, निविदा निघत राहिल्या, रस्ते उकरले आणि बुजविले गेले. फक्त आपल्या गल्लीचा क्रमांक कितवा हे सभागृहात उभे राहून विचारणारा, आणि न मिळालेल्या उत्तराची इतिवृत्तात नोंद करवून घेणारा, असा कोणीही निवडून आलेला माणूस तेथे नव्हता. नव्या रचनेत मोठ्या प्रकल्पांसाठी स्वतंत्र शासकीय कंपनी आहे आणि पाच महापालिकांच्या सीमा अनेक ठिकाणी रस्त्यांच्याच मध्यावरून जातात. अशा रस्त्याच्या दोन कडा दोन वेगळ्या याद्यांत येतात.